नवरा घर सोडून गेला, भाडेकरारावर सही दोघांची: आता भाडं कोणाचं आणि डिपॉझिट कोणाचं?

ताई, तुमच्या प्रश्नातला कामाचा भाग आधी मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कांदिवलीला वन बीएचके, 1 मार्चपासून 24 महिन्यांचा रजिस्टर्ड लिव्ह अँड लायसन्स करार, त्यावर तुम्हा नवरा-बायको दोघांची नावं. भाडं 38,000. डिपॉझिट दीड लाख, त्यातले एक लाख तुमच्या यजमानांच्या खात्यातून गेले, पन्नास हजार तुमच्या. पहिले 12 महिने लॉक-इन, म्हणजे तेवढ्या काळात करार मध्येच सोडता येत नाही. ऑक्टोबरच्या मध्यात ते सामान घेऊन डोंबिवलीला भावाकडे गेले. आता ते म्हणतात, ‘मी राहतच नाही तर भाडं कसलं? माझे लाख रुपये मी मालकाकडून काढून घेतो.’ मालक म्हणतात, ‘पाच तारखेला पूर्ण भाडं पाहिजे. नाही जमत तर फ्लॅट सोडा, पण लॉक-इनचे उरलेले चार महिने मी डिपॉझिटमधून कापणार.’ मुलगी तिसरीत, शाळा जवळ, तुमचा पगार 55,000. तुम्ही विचारलंय की माझ्या वाट्याचे 19,000 भरले की मी मोकळी का?

नाही. आणि तुमचे यजमानही मोकळे नाहीत.

मालकासमोर तुम्ही दोघं मिळून एकच पार्टी आहात. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 43 सांगतं की दोघांनी मिळून कबुली दिली असेल आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर समोरचा माणूस दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. तुम्ही 19,000 भरलेत तर मालकाच्या हिशेबात 19,000 थकले, आणि ती थकबाकी तुमच्याही नावावर. घरात तुम्ही राहता, त्यामुळे तगादा आधी तुमच्याकडे येणार.

त्याच कलमाचा पुढचा भाग मात्र बहुतेकांना कोणी सांगत नाही. ज्याने पूर्ण रक्कम भरली, तो दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागू शकतो, आणि वेगळं ठरलेलं नसेल तर तो वाटा समान धरला जातो. कलम 44 आणखी पुढे जातं. उद्या मालकाने तुमच्या यजमानांना ‘तुम्ही सुटलात’ असं लिहून दिलं, तरी तुमची मालकाकडची जबाबदारी आपोआप कमी होत नाही, आणि त्यांची तुमच्याबाबतची जबाबदारीही संपत नाही. म्हणून पूर्ण भाडं भरताना ‘आपण हरलो’ असं वाटून घेऊ नका. तुमच्या खात्यातून गेलेला प्रत्येक रुपया पुढे मागता येतो, पण त्यासाठी तो बँकेतून गेलेला दिसला पाहिजे. यूपीआयने भरा, शेऱ्यात महिना लिहा. रोख अजिबात नको.

इथेच सगळी गुंतागुंत होते, कारण घर सोडणं आणि करार सोडणं या दोन गोष्टी लोक एकच समजतात. कपड्यांची बॅग घेऊन डोंबिवलीला गेलं म्हणजे घर सुटलं. करार सुटायला लेखी नोटीस लागते किंवा मालकासह सगळ्यांच्या सह्या लागतात. तुमच्या यजमानांनी मालकाला व्हॉट्सॲपवर ‘मी तिथे राहत नाही’ असं कळवलं असेल तर ती माहिती झाली, त्याने करार संपत नाही. करारातलं मुदतीआधी संपवण्याचं कलम काढून वाचा. साधारणपणे ‘लायसन्सी’ (जागा राहायला घेणारा) या एकाच शब्दात दोघांना धरलेलं असतं, म्हणजे नोटीसही दोघांनी मिळून द्यायची. हेच उलट बाजूलाही लागू आहे. भांडण झाल्यावर माहेरी निघून गेलेल्या आणि सहा महिन्यांनी ‘माझं नाव त्या करारात अजून कसं?’ म्हणून आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. आणि हे वाचणारे पुरुष असतील तर त्यांनाही सांगते, बायको-मुलं घरात असताना अचानक भाडं थांबवणं हा रागाच्या भरात घेतलेला सगळ्यात महाग पडणारा निर्णय असतो. मालक तर मागतोच, पण पुढे कोर्टात तीच गोष्ट तुमच्याविरुद्ध उभी राहते. ती कशी, ते खाली येईल.

आता डिपॉझिट. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांमध्ये भाड्यापेक्षा जास्त भांडण यावरच होतं. मालकाकडे असलेले दीड लाख ही करारातल्या दोघांच्या बाजूने दिलेली अनामत आहे. लाख कोणाच्या खात्यातून गेले हा तुमच्या दोघांमधला हिशेब आहे. करार चालू असताना एक जण जाऊन ‘माझा हिस्सा द्या’ म्हणू शकत नाही, आणि मालकाने तो देऊही नये. पण मुंबईत असं होतं. मालक बिचारा भांडणात पडायला नको म्हणून किंवा ओळखीतला एजंट मध्ये आहे म्हणून एकाला पैसे परत करतो, आणि मग राहिलेल्या बाईला म्हणतो, ‘आता डिपॉझिट पन्नासच आहे, वरचे लाख भरा.’ हे टाळायचं तर आजच मालकाला एक पत्र द्या. ईमेल करा, व्हॉट्सॲपवर त्याचाच फोटो पाठवा, आणि जमल्यास रजिस्टर्ड एडीने मूळ प्रतही टाका. मजकूर साधा ठेवा:

‘1 मार्चपासूनच्या आपल्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारातील दुसरे लायसन्सी, माझे पती, ऑक्टोबरच्या मध्यापासून या सदनिकेत राहत नाहीत. मी व माझी मुलगी येथे राहत आहोत. नोव्हेंबर महिन्याचे पूर्ण भाडे रु. 38,000 मी आज माझ्या खात्यातून भरले आहे. डिपॉझिटची रक्कम आम्हा दोघांच्या लेखी संमतीशिवाय कोणाही एकास परत देऊ नये अथवा वळती करू नये.’

एवढंच. नवऱ्याबद्दल तक्रार लिहू नका, का गेले ते लिहू नका. मालक तुमचा नातेवाईक नाही, आणि हे पत्र पुढे कोर्टात वाचलं जाईल असं समजून लिहा.

लॉक-इनबद्दल मालकाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चार महिन्यांचे 1,52,000 होतात, म्हणजे डिपॉझिटपेक्षा दोन हजार जास्तच. करारात तसं लिहिलं असेल तर त्याला मागायचा आधार आहे. पण करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा वेळी वाजवी भरपाई मिळते, करारात लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा असते. तुम्ही 30 नोव्हेंबरला चावी दिली आणि 15 डिसेंबरला नवा भाडेकरू आला, तर मालकाचं नुकसान दोन आठवड्यांचं झालं, चार महिन्यांचं नाही. कांदिवलीसारख्या ठिकाणी वन बीएचके फार दिवस रिकामा राहत नाही, हे मालकालाही माहीत असतं. म्हणून बोलणी करायला जागा आहे. नवा भाडेकरू शोधायला तुम्ही मदत कराल, फ्लॅट दाखवायला सहकार्य कराल असं लेखी द्या. बहुतेक मालक एका महिन्याच्या भाड्यावर तडजोड करतात.

पण तुमच्या परिस्थितीत मी सोडायचा सल्ला आत्ता देणार नाही. मुलीचं वर्ष एप्रिलपर्यंत आहे, आणि आई-बाबा वेगळे झाले त्याच महिन्यात घर आणि शाळाही बदलणं तिच्यावर फार होईल. दुसरीकडे 55,000 च्या पगारात 38,000 भाडं फार काळ झेपणार नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे एप्रिलपर्यंतची सोय बघा, आणि मे महिन्यापासून लहान घर किंवा मीरा रोड, वसईच्या बाजूचा विचार ठेवा. मधल्या सहा महिन्यांसाठी दोन रस्ते आहेत.

पहिला, आहे तोच करार चालू ठेवायचा. मग दोघांची जबाबदारी तशीच राहते, फक्त तुम्हा दोघांमध्ये एक लेखी समजूत हवी. त्यात चार गोष्टी यायला हव्यात: कोण किती भाडं भरणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, वीजबिल व सोसायटीकडे भरायचं काही असेल तर ते कोण भरणार, डिपॉझिट परत येईल तेव्हा ते कोणत्या खात्यात येणार आणि कसं वाटलं जाणार, आणि भिंती-फर्निचरचं नुकसान म्हणून मालकाने काही कापलं तर ते कोणाच्या वाट्यातून. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो. पण रंगकाम, डीप क्लीनिंग, तुटलेली बिजागरी या नावाखाली पंधरा-वीस हजार कापले जाणं मुंबईत अगदी नेहमीचं आहे, आणि वेगळ्या झालेल्या जोडप्यात ते ‘तुझ्यामुळे’ म्हणून पुन्हा पेटतं. आजच खोल्यांचे, ओट्याचे, बाथरूमचे आणि मीटरवरच्या रीडिंगचे तारखेसकट फोटो काढून ठेवा.

दुसरा रस्ता जास्त स्वच्छ आहे: जुना करार तिघांच्या सहीने रद्द करायचा आणि नवा फक्त तुमच्या नावावर करायचा. रजिस्टर्ड करारात एखादं नाव खोडून चालत नाही. खर्चाला घाबरू नका. स्टँप ड्युटी एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं 10 टक्के दराने धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर 0.25 टक्के असते. बारा महिन्यांचं भाडं 4,56,000 आणि दीड लाखावरचं व्याज 15,000, म्हणजे 4,71,000 वर बाराशेच्या आत. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. घरी येऊन अंगठे घेणारा एजंट स्वतःचे वेगळे घेतो. नव्या करारात लॉक-इन नको असा आग्रह धरा, एक महिन्याची नोटीस पुरे. आणि जुन्या कराराचं डिपॉझिट नव्यात वळतं करायचं असेल, तर त्यातले तुमच्या यजमानांचे लाख तुम्ही कधी, कसे परत करणार किंवा कशात वजा होणार, ते आधीच लिहून घ्या. नाहीतर ते सही करणार नाहीत, आणि त्यांच्या सहीशिवाय हा रस्ता बंद आहे. सोसायटीलाही नव्या कराराची प्रत द्यावी लागेल, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकाने नव्याने भरायची. काही सोसायट्या ‘एकटी बाई’ म्हटल्यावर कुरकुर करतात. तुम्ही त्याच घरात आधीपासून राहता, तुमची मुलगी सोबत आहे, हे मालकाने सेक्रेटरीशी बोलताना सांगावं. तुम्ही कोणाला घटस्फोटाची कागदपत्रं दाखवायला बांधील नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या. करार असो वा नसो, मालक कुलूप लावून तुम्हाला बाहेर काढू शकत नाही. मुदत संपल्यावरसुद्धा त्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. पण हेच कलम तुमच्या विरुद्धही कडक आहे. मुदत संपल्यानंतर राहिलात तर दुप्पट दराने नुकसानभरपाई, म्हणजे महिना 76,000. आणि ही तलवार दोघांच्या डोक्यावर असते, घर सोडून गेलेल्यावरही. यजमानांना समजवायला मी हेच वाक्य वापरते, आणि बहुतेक वेळा त्यानंतर ते टेबलावर बसतात. (ज्यांचा करार रजिस्टरच नाही, त्यांच्यासाठी: नोंदणीची जबाबदारी कलम 55 प्रमाणे मालकाची असते, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, ते खोटं ठरेपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.)

आता यजमान बोलायलाच तयार नसतील, तर कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. ‘मारहाण कधी झाली नाही, मग तो कायदा माझ्यासाठी नाही,’ असं कितीतरी जणी म्हणतात. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, 2005 उघडून बघा. कलम 3 मध्ये आर्थिक छळाची जी व्याख्या आहे, त्यात सामायिक घराचं भाडं न देणं हे थेट नाव घेऊन लिहिलेलं आहे. सामायिक घर म्हणजे मालकीचंच असं नाही, भाड्याचंही त्यात येतं. कलम 19 खाली मॅजिस्ट्रेट नवऱ्याला भाडं भरायला सांगू शकतात, किंवा त्याच दर्जाची दुसरी जागा बघून द्यायला अथवा तिचं भाडं द्यायला सांगू शकतात. ते ठरवताना दोघांची कमाई आणि गरज पाहिली जाते, त्यामुळे तुमचा पगार लपवू नका. कलम 23 खाली अंतरिम आदेश मागता येतो. ‘विवाहासारख्या संबंधात’ राहिलेल्या जोडीदारालाही हा कायदा लागू होतो, त्यामुळे लग्न न करता एकत्र राहिलेल्यांनी स्वतःला यातून वगळू नये.

या कायद्याची मर्यादाही ओळखा. तो आदेश नवऱ्यावर चालतो. मालक या भांडणात पक्षकार नाही. कराराची मुदत संपली की ‘मला राहण्याचा हक्क आहे’ हे मालकाला ऐकवून उपयोग नाही. ज्या घरात करार फक्त नवऱ्याच्या नावावर आहे, तिथे तर बायकोने पहिल्याच आठवड्यात मालकाशी बोलून आपल्या नावाचा करार मागावा. लिव्ह अँड लायसन्सचा हक्क आपोआप बायकोकडे येत नाही.

गिरगाव, लालबाग, परळच्या पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या जुन्या भाडेहक्काच्या) खोल्यांचं गणित वेगळं आहे. तिथे भाडं काहीशे रुपये असतं, पण भाडेपावतीची किंमत मोठी असते. दक्षिण-मध्य मुंबईत विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(7) या नियमाखाली पुनर्विकास झाला की त्या खोलीच्या जागी किमान 300 चौरस फुटांचं मालकीचं घर मिळतं. अशा ठिकाणी वेगळा झालेला नवरा घरमालकाकडे परस्पर खोली सोडून देतो, हातात रक्कम घेतो, आणि बायकोला ते घरमालकाचा माणूस दारात आल्यावर कळतं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या त्याच कलम 19 खाली, न्यायालयाच्या परवानगीशिवाय नवऱ्याने घरावरचा हक्क सोडू नये असा आदेश मिळतो. तो आधी घ्यायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली बी. पी. अचला आनंद प्रकरणात सांगितलं की टाकून दिलेली पत्नी भाड्याच्या घरात राहत असेल, तर घरमालकाने नवऱ्याविरुद्ध लावलेल्या दाव्यात ती स्वतः उभी राहून बचाव करू शकते. घटस्फोट झाल्यानंतर मात्र तो आधार राहत नाही. त्यामुळे पागडीच्या खोलीत राहणाऱ्या कोणीही, घराचा निकाल लागण्याआधी परस्पर संमतीच्या घटस्फोटावर घाईने सही करू नये. घराबद्दलची कलमं कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी कोर्टात लेखी मान्य केलेल्या अटींमध्ये, आली पाहिजेत.

तुम्हालाही तेच लागू आहे. पुढे संमतीने घटस्फोटाचा अर्ज केलात, तर नोव्हेंबरपासून तुम्ही एकटीने भरलेलं भाडं, डिपॉझिटमधले त्यांचे लाख आणि मुलीची पोटगी हे तिन्ही आकडे एकाच कागदावर आणून वजाबाकी करा. समजा सहा महिने तुम्ही पूर्ण भाडं भरलंत, तर त्यांच्या निम्म्या वाट्याचे 1,14,000 होतात. पूर्ण डिपॉझिट तुम्हाला मिळालं असं धरून या रकमेतून त्यांचे लाख वजा केले, तरी 14,000 तुम्हाला येणं निघतं. डिपॉझिटवरून चाललेलं सगळं भांडण एका ओळीत मिटू शकतं. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या तोंडी शब्दांवर हे सोडलंत तर मिटणार नाही.

कराचं थोडं. भाडं तुमच्या खात्यातून जायला लागलं की जुन्या करप्रणालीत एचआरएची (घरभाडे भत्त्यावरची) सवलत तुम्ही घ्या आणि ऑफिसला भाडेपावत्या द्या. न भरलेल्या भाड्यावर यजमानांना ती घेता येणार नाही, हे त्यांना कळवा. ज्यांचं भाडं महिना 50,000 च्या वर आहे, त्यांनी टीडीएस आता कोणाच्या पॅनवरून भरला जाणार तेही मालकाला सांगावं.

वकिलाच्या फीची काळजी तुम्ही शेवटी लिहिली होती. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे महिलेला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तुमचा पगार 55,000 असला तरी मिळतो. वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात विधी सेवेबद्दल विचारा. जाताना कराराची प्रत आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला कराराच्या नोंदीचा उतारा), मार्चपासूनचं दोघांचं मिळेल तेवढं बँक स्टेटमेंट, डिपॉझिटच्या दोन्ही व्यवहारांचे प्रिंटआउट, मालकाशी आणि यजमानांशी झालेले मेसेज, मुलीच्या फीच्या पावत्या आणि मालकाला दिलेलं ते पत्र बरोबर न्या. भाड्याची पाच तारीख त्याआधी येत असेल तर थांबू नका, पूर्ण 38,000 भरून टाका.